दहातोंडे सर आणि पाव्हण्यांची यादी

दहातोंडे सर मालकाला अरे-तुरे करायचे आणि बाकी सगळ्यांना अहो-जाहो. वॉचमनला "अहो बबनराव", कालच कामावर लागलेल्या पोरीला "अहो मॅडम", आणि संगणक अडकून बसला तर त्यालाही, "अहो, चला की आता, किती येळ?" फक्त आमचे मालक निखिल सर केबिनबाहेर आले की दहातोंडे सर मान वर न करता विचारायचे, "काय रे निक्या, जेवला का?"

पहिल्या दिवशी हे ऐकून मी घाबरले. वाटलं, ज्या ऑफिसात मालकाशी असं बोलतात तिथं काहीतरी मोठं भांडण चालू असणार, आणि आपण नेमक्या त्यात येऊन पडलो. नंतर कळलं, निखिल सर तंत्रनिकेतनात शिकत असताना दहातोंडे सर तिथं प्रयोगशाळेत सहायक होते. "सोल्डरिंग करताना ह्याचा अंगठा भाजला तवा बर्फ मी आनून दिल्ता. त्याला काय अहो म्हनू?" असं त्यांचं म्हणणं. तिथून निवृत्त झाल्यावर ते निखिल सरांच्या कंपनीत आले. कंपनी म्हणजे सावेडीतला एक फ्लॅट, बाहेर चपलांचा ढीग, आत आम्ही नऊ माणसं. दूध संघांसाठी आम्ही जनावरांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवायचो. कुठल्या गाईच्या कानात कुठल्या नंबरचा बिल्ला, तिला लस कधी दिली, पुढची कधी. लसीकरण शिबिराच्या आदल्या दिवशी गाईच्या मालकाच्या मोबाईलवर मेसेज जायचा.

माझं म्हणाल तर मी वनिता, लाखांदूरकडची, भंडारा जिल्ह्यातली. नववीत शाळा सुटली. गावातल्या ई-सेवा केंद्रात दाखले टाईप करता करता संगणकाचं वेड लागलं, आणि मोबाईलवर बघून बघून थोडं कोड लिहायला शिकले. निखिल सरांनी परीक्षा घेतली, त्यात पास झाले, आणि ते म्हणाले, "सहा महिने बघू." एवढ्या शब्दांवर मी महाराष्ट्र आडवा ओलांडून आले. ते सहा महिने कुणी केबिनमध्ये बोलावलं की आधी मनात गावाकडच्या गाडीचं वेळापत्रक यायचं. केलेलं काम मी तीनदा तपासायचे, मग घरी जाताना जिन्यातून परत वर येऊन चौथ्यांदा.

दहातोंडे सरांनी ते पाहिलं असणार. एकदा मी तशी परत वर आले तर ते एकटेच बसलेले. म्हणाले, "काय इसरलं?"

"काही नाही सर. बघून रायली होती फक्त, बरोबर झालं का ते."

"तीनदा बघूनबी बरोबर निघालं तर चौथ्यांदा चुकीचं निघल का? जावा घरी." मग मी वळले तशी, "आन् ते 'बघून रायली' लई ग्वाड वाटतं. सोडू नका."

सर तिसगावचे. पाथर्डी तालुक्यातलं बाजाराचं गाव. घरची शेती, भाऊ करायचा. सर शनिवारी दुपारी जायचे, सोमवारी सकाळी परत. लिहायला बसले की त्यांचं मराठी धुतल्या कपड्यासारखं स्वच्छ, बोलायला लागले की पूर्ण तिसगाव. आणि त्यांना एक खोड होती. ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर ते तारीख घालायचे. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल कधी बदलला, पाण्याचा फिल्टर कधी साफ केला, माऊस कधी आणला. एकदा पोरांनी गंमत म्हणून ते जेवायला गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर पट्टी चिकटवली: "दहातोंडे, बसवल्याची तारीख माहीत नाही." सरांनी परत येऊन ती वाचली, चष्मा कपाळावर नेला, खिशातून पेन काढलं आणि खाली आपली कामावर रुजू झाल्याची तारीख लिहिली. ती पट्टी पुढे तशीच राहिली.

कोड लिहिताना आम्ही जो बदल करतो तो कुणी, कधी, कशासाठी केला हे सगळं गिट नावाच्या व्यवस्थेत जमा होतं. प्रत्येक बदलाबरोबर एक ओळ लिहायची असते. बाकीचे लिहायचे 'दुरुस्ती', 'छोटा बदल', फार तर 'पुन्हा दुरुस्ती'. सरांच्या ओळी आम्ही मुद्दाम शोधून वाचायचो. "काल मी जे सुधारले ते मुळात बरोबर होते. आज परत होते तसे." किंवा, "ही अट का आहे ते मला आठवत नाही, पण काढली की जामखेडच्या दूध संघाचा प्रिंटर बंद पडतो, म्हणून राहू द्यावी."

आता त्या फाईलबद्दल. कारण सर म्हटलं की मला ती फाईलच आठवते.

आमच्या धंद्यात सगळं कुणीच स्वतः लिहीत नाही. मेसेज पाठवायचा तुकडा कुणीतरी लिहून ठेवलेला असतो, तारखा मोजायचा आणखी कुणी, आणि ते फुकट मिळतात. आपण फक्त यादी द्यायची, की हा तुकडा पाहिजे, अमुक आवृत्ती किंवा तिच्यापुढची चालेल. यंत्र तो आणून देतं. पण त्या एका तुकड्याला स्वतःला आणखी चार लागतात, त्या चारांना आणखी. सर त्यांना पाव्हणे म्हणायचे. "आपन एकाला बोलावलं. त्यो संगं मेव्हना घेऊन आला. मेव्हन्यानं मित्र आनला. आता घरात झोपलंय कोन कोन, ते कुनाला म्हाईत?" तर नेमके कोण कोण आले, आणि कुठल्या आवृत्तीचे, याची एक लांबलचक फाईल यंत्र आपोआप बनवतं. ती लॉक फाईल. ती जवळ असली की पुढच्या वेळी यंत्र हुबेहूब तेच पाव्हणे आणतं, नसली तर त्या दिवशी बाजारात जे नवं असेल ते. हाताने ती कुणी लिहीत नाही, आणि वाचत तर त्याहून नाही.

वाद असा, की ही यंत्राने लिहिलेली फाईल आपल्या कोडबरोबर गिटमध्ये ठेवायची की नाही.

अनिकेत म्हणायचा, नाही. अनिकेत आमचा टीम लीड, सावेडीतलाच, पुण्यात शिकून आलेला, हुशार आणि मनाने मोकळा. त्याचं म्हणणं सरळ होतं. "सर, जे आपण लिहिलं नाही ते आपल्या कोडमध्ये कशाला? मशीनने बनवलंय, मशीन परत बनवेल. मी दोन ओळी बदलल्या की त्या फाईलमध्ये हजार ओळी हलतात. त्याच दिवशी वनिताताईंनी काही बदललं की दोन्हींची टक्कर होते, आणि मग अर्धा दिवस ती सोडवत बसा. शिवाय जुन्याच आवृत्त्या कवटाळून बसलो तर नव्या दुरुस्त्या मिळणार कशा?"

सर ऐकून घ्यायचे. पूर्ण. मध्ये बोलायचे नाहीत, त्यामुळे समोरचा आपोआप मऊ व्हायचा. मग म्हणाले, "शेवटचा मुद्दा तुमचा बरोबर हाय. बाकीच्यावर एक इचारतो. आमचे वडील कांद्याचं बी आनायचे. पिशवी फोडली की पिशवीवरचं लेबल कापून तारंला अडकवून ठिवायचे. का?"

"सर, शेती वेगळी आणि—"

"सांगतो. 'कांद्याचं बी' एवढंच चिठ्ठीवर लिव्हलं तर दुकानदार त्याच्याकडं आज हाय ते देनार. एका वर्षी उगवलं न्हाई. शेजारी म्हनले, तुमी पानी कमी दिलं. वडलांनी तारंवरनं लेबल काढलं. गेल्या वर्षीचा लॉट येगळा, ह्या वर्षीचा येगळा. मंग कळलं, पान्यात खोट न्हाई. ते लेबलबी मशीननंच छापल्यालं हुतं बरं का, वडलांनी लिव्हलं नव्हतं. म्हनून टाकून द्यायचं व्हय?"

अनिकेत हसला. पण सरांनी त्याचा शेवटचा मुद्दा सोडला नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळे पाव्हणे नव्या आवृत्तीवर न्यायचे, तपासायचे, आणि लॉक फाईलमध्ये काय काय बदललं ते दोघांनी बसून मोठ्याने वाचायचं, असं त्यांनी सुरू केलं. एकाने जुना आकडा वाचायचा, दुसऱ्याने नवा. ऐकणाऱ्याला वाटावं, पूजेला बसलेत. "दोन डॉट चार डॉट एक." "दोन डॉट पाच डॉट शून्य." "थांबा. हा कोन? हा मागच्या महिन्यात नव्हता." मग त्या पाव्हण्याची चौकशी. कुणाबरोबर आला, काय काम करतो, गरज आहे का. वाचायला सरांच्या समोर बहुतेक मला बसवायचे. बाकीचे पळायचे, आणि मला पळायची हिंमत नव्हती.

सर हट्टी होते असं मात्र म्हणता येणार नाही. आमच्या कोडमधला बिल्ल्याचा नंबर तपासणारा एक छोटा तुकडा दुसऱ्या कंपन्याही वापरायला लागल्या, तेव्हा त्याची लॉक फाईल सरांनी स्वतः काढून टाकली. अनिकेत खुर्चीतून उठलाच. "म्हणजे तुम्ही माझ्या पार्टीत आलात!"

"ते बी हाय, पीक न्हाई," सर म्हणाले. "दुसऱ्यानं त्याच्या रानात पेरायचं. तिथं आपली फाईल कोन बघत न्हाई, ज्याची त्यानं ठिवायची. तुमाला आपल्याजवळ ठिवायची तर ठिवा, कुनी भांडनार न्हाई. आपलं पीक जिथं उभं हाय तिथली मात्र काढायची न्हाई."

माझे सहा महिने भरायला तीन आठवडे होते तेव्हा ते घडलं.

सर पुतणीच्या लग्नासाठी जामखेडला गेले होते, चार दिवस. मी एक काम संपवून गिटमध्ये टाकायला गेले आणि लॉक फाईलवर माझी नि अनिकेतची टक्कर झाली. लाल-हिरव्या ओळी, संपतच नाहीत. अनिकेत फोनवर बोलत दारातून जात होता, त्याला विचारलं. तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "काढून टाका ना ताई ती. आणि गिटला सांगून ठेवा, यापुढे तिच्याकडे बघू नको. मी सरांशी बोलतो."

मी काढली. मनात आलं होतं, सरांना एक फोन करावा. पण लग्नघरी कसा करायचा, आणि टीम लीड सांगतोय तर आपण कोण, असं म्हणून नाही केला. माझं काम मी माझ्या संगणकावर नेहमीप्रमाणे तीनदा तपासलं. सगळं चोख. संध्याकाळी ते सर्व्हरवर गेलं.

माझ्या संगणकावर जुनेच पाव्हणे होते. सर्व्हरने मात्र लॉक फाईल नाही बघून सगळे नवे आणले. त्यात मेसेजची रांग सांभाळणारा एक तुकडा होता, पाव्हण्याच्या पाव्हण्याबरोबर आलेला. त्याच्या नव्या आवृत्तीला 'हा मेसेज पाठवून झाला' ही जुनी खूण ओळखू येईना. त्याला वाटलं, मागच्या सगळ्या शिबिरांचे मेसेज पाठवायचेच राहिलेत. त्याने इमानदारीत एकेक गाव घेऊन पाठवायला सुरुवात केली, आणि पहिलं तिसगाव.

दुसऱ्या दिवशी सर लग्नाहून नुकतेच परत आले होते. सकाळी आठला त्यांचा फोन वाजला. तिसगावहून चुलतभाऊ. आवाज एवढा मोठा की पलीकडच्या टेबलावर मला ऐकू येत होता. "आण्णा, डागदर कुठंय? दवाखान्याफुडं निम्मं गाव जनावरं घिऊन उभं हाय!"

"कशाला?"

"कशाला काय! तुमचाच मेसेज हाय. 'उद्या सकाळी आठ वाजता लाळ्या-खुरकूत लसीकरण, तिसगाव.'"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी गिट उघडलं. मला दिसत होतं त्यांना काय दिसतंय ते. फाईल काढल्याची नोंद, तारीख, वेळ, आणि माझं नाव. गाडीचं वेळापत्रक परत डोळ्यांसमोर आलं, नागपूरपर्यंत एक, पुढे दुसरी.

तोवर अनिकेत आला. त्याला कळलं तसा त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "ताई, घाबरू नका. मी हिस्टरी साफ करतो. ती नोंदच दिसणार नाही. निखिल सरांना सांगू, सर्व्हरला काहीतरी झालं."

खरं सांगते, त्या क्षणी मला तो देवासारखा वाटला.

"न्हाई," दहातोंडे सर म्हणाले.

"सर, तीन आठवड्यांनी त्यांचं कन्फर्मेशन आहे. दूध संघाच्या मॅनेजरने नाव मागितलं तर? आधीच तो विचारत असतो, तुमच्याकडे डिग्री नसलेली माणसं किती."

"नाव न्हाई खोडायचं. अनिकेतराव, आज तुमी हे खोडलं तर उद्या आपल्या वहीतल्या कुठल्याच नोंदीवर कुनी इस्वास ठिवायचा न्हाई, आपन सुद्धा. आन् ह्यांचं काय हुईल? जलमभर वाटत राहील, आपन लपून टिकलो." मग माझ्याकडे वळून, "वनिताबाई, फाईल जुन्या नोंदीतनं परत आना. तुमीच आना. तुमच्या हातानं, तुमच्या नावानं."

मला राग आला. इतका की डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, तुमची नोकरी आधीच एकदा करून झालीय, तुम्हाला तत्त्वं परवडतात. तरी फाईल परत आणली, सर्व्हर जुन्या पाव्हण्यांवर गेला, आणि मेसेज थांबले. दहा मिनिटांचं काम. खाली ओळ लिहायची होती. मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "झालं ते लिव्हा." मी लिहिलं, "लॉक फाईल मी काढली होती, ती चूक होती. परत ठेवली."

"चला आता," सर उठून चप्पल शोधायला लागले. "तिसगावला."

"कावून? मेसेज तर थांबले, सर."

"मेसेज थांबले. मान्सं थांबल्याली हायेत तिथं."

एसटीत ते करंजीच्या घाटात एकदाच म्हणाले, "मेसेजमधी 'उद्या' लिव्हनारा कोन? मी. तारीख घातली असती तर कुनी आलं नसतं." वस्तू-वस्तूवर तारीख चिकटवणारा माणूस, आणि हजारो माणसांना जाणाऱ्या मेसेजात तेवढी राहिली. त्यांना ते किती लागलं होतं हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. सगळा रस्ता ते तेच मनात घोळवत होते, मी आपली माझी भीती घोळवत होते.

दवाखान्यासमोर खरोखर निम्मं गाव होतं. गाई, म्हशी, मध्ये वासरं, शेणाचा सडा. सर दिसल्यावर एकच गलका झाला.

"आले, आले! मोबाईलचे डागदर आले!"

"आण्णा, आधी तुझ्या कॉम्पुटरला टोच सुई! त्यालाच लाळ्या झालाय!"

एक म्हातारी म्हशीचा दोर हाताला गुंडाळून पुढे आली. "दोन कोस चालत आनलीय मी हिला. हिला तरी काय सांगू आता, चल माघारी म्हनून?"

सर जोत्यावर चढले. मला वाटलं, मोठं भाषण करतील. त्यांनी हात जोडले. "चूक आमची हाय. मेसेज जुना हुता, मशीननं परत धाडला. त्यात तारीख घालायची राहिली ती माझ्याकडनं. लस आज न्हाई. खोटं सांगून तुमाला बसवून ठिवनार न्हाई."

"पन धाडला कसा? आधी कधी धाडला नव्हता!"

सरांनी पुन्हा हात जोडले. ते माझं नाव घेणार नव्हते, हे मला तेव्हा कळलं. वहीतलं खोडू दिलं नाही आणि चारचौघांत घेतलं नाही. मी म्हणाले, "माझ्यामुळे गेला. मी एक फाईल काढली. काढायला नको होती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारीने मला खालवर न्याहाळलं. "तू कुठली गं?"

"भंडाऱ्याकडची, आजी."

"ते कुठं आलं?"

"नागपूरच्याबी पल्याड," सर म्हणाले.

"आगं बया! एवढ्या लांबनं आलीस आन् आमालाच उठावलंस व्हय!"

हशा झाला. म्हैसही हलली. सरांनी डॉक्टरांना फोन लावला. लस नव्हती, पण जंताचं औषध होतं, ते घेऊन अकरापर्यंत आले. उभ्या जनावरांना तेवढं तरी मिळालं. मी बिल्ल्यांचे नंबर वाचत होते, सर लिहून घेत होते. म्हातारीच्या म्हशीने औषध अर्धं माझ्या ओढणीवर सांडलं.

दुसऱ्या दिवशी निखिल सरांनी तिघांना केबिनमध्ये घेतलं. संघाचा फोन येऊन गेला होता, ते दिसतच होतं.

"फाईल कुणी काढली?"

"मी," मी म्हणाले.

"काढायला मी सांगितली," अनिकेत म्हणाला. "त्यांनी विचारलं होतं मला."

"आन् 'उद्या' मी लिव्हलं," दहातोंडे सर म्हणाले.

निखिल सरांनी पेन टेबलावर आपटलं. "मग तिघांनाही काढू का?"

"काढ की. मंग उद्यापासनं मेसेज तू धाड."

निखिल सर हसले नाहीत. माझ्याकडे वळले. "वनिता, संघाला उत्तर द्यायचंय. काय झालं, कसं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. त्यांना सॉफ्टवेअर कळत नाही, त्यांना कळेल असं. तू लिही."

ते उत्तर मी दोन दिवस लिहीत होते. सरांना दाखवायला गेले तर त्यांनी हात मागे घेतले. "मला नका दाखवू. मी हात लावला की माझं हुईल." शेवटी मी कांद्याच्या बियाचं लेबल तसंच्या तसं उचललं आणि टाकलं. मेसेजात आता तारीख असते, लॉक फाईल गिटमध्येच राहील, ती बदलायची तर दोघांनी वाचूनच बदलायची, हेही लिहिलं. खाली माझं नाव. संघाचा मॅनेजर निखिल सरांना म्हणाला म्हणे, तुमच्या कंपनीकडून आलेलं हे पहिलंच पत्र, जे मला दुसऱ्याकडून समजून घ्यावं लागलं नाही. महिनाअखेरीस मला कायम केलं. निखिल सरांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, "नक्की ना सर?" दोनदा विचारलं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी अनिकेत स्वतः खुर्ची ओढून वाचायला बसला. अजूनही म्हणतो, फाईल फार मोठी आहे. पण बसतो.

त्यानंतर महिनाभरात सर गेले, म्हणजे तिसगावला राहायला गेले. भावाचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं, घरी जनावरांना माणूस हवा होता. निरोपसमारंभ करू दिला नाही. शनिवारी दुपारी नेहमीसारखे निघाले आणि सोमवारी आले नाहीत. मला सांगून गेले नाहीत म्हणून मी आठवडाभर रुसले, आणि मग ज्या माणसावर रुसायचं तोच नाही म्हटल्यावर सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये तिसगावला खरं शिबिर लागलं. या वेळचे मेसेज मी पाठवले होते, आणि आदल्या दिवसापासून माझ्या तोंडाला चव नव्हती. निखिल सर म्हणाले, जाऊन बघून ये एकदा. गेले. डॉक्टर होते, लशीचा बर्फाचा डबा होता, रांग लागलेली. मी टेबलाशी उभी राहून बिल्ले तपासत होते, आणि मान वर केली तर रांगेत सर. डोक्याला टॉवेल, पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, हातात एका तांबड्या गाईचा दोर. ओळख दाखवली नाही. बाकीच्यांसारखे रांगेत उभे राहिले.

त्यांच्या मागच्या माणसाने मोबाईल पुढे केला. "आण्णा, हितं फुडची तारीख दिलीय लशीची. खरी धरायची का? का मागल्यावानी गंमत हाय?"

मी हातातला कागद तसाच धरून थांबले.

सरांनी मोबाईलकडे बघितलंही नाही. "मला काय इचारतो? मी गाय घिऊन आलोय. ते समदं त्या बाईंचं हाय, त्यांना इचार."

तो माणूस माझ्याकडे आला. मी तारीख पाहिली आणि म्हणाले, "खरी आहे. या तुम्ही." एकदाच पाहिली. तोवर सरांच्या गाईला लस टोचून झाली होती, आणि ती अशी काही उधळली की सर दोर धरून तिच्यामागे जवळजवळ पळत, "आगं हो, आगं हो," करत बाजाराच्या गर्दीत शिरले. टॉवेल सुटून खांद्यावर आला होता. डॉक्टरांनी पुढचं जनावर बोलावलं, आणि मी बिल्ल्याचा नंबर मोठ्याने वाचला.